संशोधन कसे करावे, हे पुस्तकांतून किती शिकता येते?

पत्राचा सारांश: जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. नोंदणी होऊन दोन वर्षे होत आली. संशोधन पद्धती आणि शोधनिबंध लेखन या विषयांवरची पुस्तके तिने मोठ्या आस्थेने जमवली आणि त्यांतली बरीचशी टिपणे काढत वाचली; पण स्वतःच्या शोधनिबंधाचे एकही पान अजून लिहून झालेले नाही. पुस्तकांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, ही तिची पहिली तक्रार. एक पुस्तक आधी गृहीतक मांडून मग प्रयोगाकडे वळायला सांगते, तर दुसरे योगायोगाचे आणि अंतःप्रेरणेचे महत्त्व पटवत राहते. तिच्या कामात मूळ प्रश्न दोनदा बदलला आहे आणि त्यामुळे आपले संशोधन शास्त्रशुद्ध राहिलेले नाही, अशी धास्ती तिने घेतली आहे. ‘आधी काम पुरे करा, लिहिण्याचे मग पाहू,’ असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचे मात्र असले एकही पुस्तक न उघडता दोन पेपर प्रसिद्ध झाले आहेत. तिने विचारले आहे: नेमकी कोणती तीन पुस्तके, कोणत्या क्रमाने वाचावीत, की हा सगळा वेळ वायाच गेला?

सस्नेह नमस्कार,

पुस्तकांची नावे मी सांगणार आहे, पण ती क्रमाने वाचायची ही कल्पना आधी बाजूला ठेवू. तुमच्या पत्रामागे एक समजूत दिसते: संशोधन आधी शिकून घ्यायचे, मग करायचे आणि सर्वात शेवटी लिहून काढायचे. ही समजूत इतकी रुळलेली आहे की तुमचे मार्गदर्शक आणि तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहात असे वाटत असले, तरी दोघेही तीच धरून बसला आहात. त्यांना लेखन कामानंतरचे वाटते आणि तुम्हाला काम वाचनानंतरचे. या दोन्ही ठिकाणी लेखनाचा क्रमांक शेवटचाच लागतो.

पुस्तकांतल्या विसंगतीपासून सुरुवात करू, कारण ती तुम्हाला वाटते तितकी खरी नाही. केंब्रिज विद्यापीठात प्राण्यांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या डब्ल्यू. आय. बी. बेव्हरिज यांचे ‘द आर्ट ऑफ सायंटिफिक इन्व्हेस्टिगेशन’ १९५० साली आले आणि हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ ई. ब्राइट विल्सन यांचे ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू सायंटिफिक रिसर्च’ १९५२ साली. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आलेली ही पुस्तके शेजारी ठेवली, तर दोन वेगळ्या व्यवसायांविषयी ती लिहिली आहेत की काय, असे वाटते. बेव्हरिज यांच्याकडे योगायोग, कल्पनाशक्ती, अंतःप्रेरणा यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. विल्सन प्रश्नाची निवड, प्रयोगाची आखणी, उपकरणांची रचना आणि मापनातल्या त्रुटी यांवर भर देतात. पण नीट पाहिले तर बेव्हरिज यांचा भर कल्पना कुठून येते यावर आहे, आणि विल्सन यांचा ती खरी आहे की नाही हे कसे तपासायचे यावर. कल्पना कुठूनही यावी, तिला परवाना लागत नाही. तपासणीला मात्र शिस्त लागते. ‘आधी गृहीतक’ हा नियम तपासणीच्या टप्प्याचा आहे. तो कल्पना सुचण्याच्या टप्प्याला लावला की विद्यार्थी निष्कारण अपराधी होतो, आणि तुमचे तेच झाले आहे.

आता तुमच्या दोनदा बदललेल्या प्रश्नाविषयी. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचून तुम्ही संशोधनाची एक प्रतिमा मनाशी बांधली आहे: प्रस्तावनेत एक स्वच्छ प्रश्न असतो, त्यातून पद्धती निघते, पद्धतीतून निरीक्षणे आणि निरीक्षणांतून चर्चा. शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या ऊती स्वीकारायला शिकू शकते (अर्जित प्रतिकारक्षम सहिष्णुता), या शोधासाठी १९६० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेल्या पीटर मेदावर यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या एका भाषणात शोधनिबंध ही फसवणूक आहे का, असा सरळ प्रश्न विचारला होता. निबंधात दिलेली माहिती खोटी असते, असा त्यांचा आरोप नव्हता. त्यांचा आक्षेप निबंधाच्या घाटावर होता. निरीक्षणे आधी तटस्थपणे गोळा झाली आणि मग त्यांतून अर्थ आपोआप उमटला, असा भास तो घाट निर्माण करतो. प्रत्यक्षात मात्र काहीतरी अपेक्षा मनात धरल्याशिवाय कोणी काही पाहायलाच जात नाही. चार भागांचा तो घाट विसाव्या शतकात हळूहळू रूढ झाला तो वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, हवी ती गोष्ट हव्या त्या जागी सापडावी म्हणून. ती संशोधकाची रोजनिशी नव्हे. तेव्हा तुमची प्रयोगवही आणि इतरांचे छापील निबंध यांची तुलना करून स्वतःला कमी लेखणे सोडून द्या. तुलना करायचीच तर इतरांच्या प्रयोगवह्यांशी करा आणि त्या पाहायला मिळाल्या तर तुमच्या बऱ्याच शंका एका दुपारीत मिटतील.

मात्र इथे एक सीमारेषा आहे आणि तिच्याविषयी मला थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण लेखनाचे तंत्र शिकवणारी पुस्तके तिच्यावरून बहुधा घाईने पुढे जातात. मांडणी वाचकासाठी फिरवणे वेगळे आणि आपल्याला काय आधी माहीत होते याविषयी वाचकाची दिशाभूल करणे वेगळे. निरीक्षणे हाती आल्यावर सुचलेले गृहीतक जणू पहिल्यापासून मनात होते असे लिहिण्याची जी पद्धत आहे, तिची तपशीलवार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली केली. यात नुकसान नेमके कोणते, हे तुमच्यासारख्या प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने समजून घ्यायला हवे. एकाच डेटामधून वीस तऱ्हेने संबंध शोधले तर काहीही दडलेले नसताना एखादा संबंध निव्वळ योगायोगाने ‘सार्थ’ (म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला) ठरण्याची शक्यता बरीच असते. ज्या डेटाने कल्पना सुचवली, त्याच डेटाने ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. तिच्या तपासणीसाठी नवा डेटा लागतो. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहणारा एक मोठा सामूहिक प्रकल्प प्रकाशित झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ होते. पुन्हा केलेल्या अभ्यासांत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष या एका सवयीवर टाकणे चूक ठरेल. पण नंतर सुचलेल्या कल्पनांना आधीच्या भाकितांचा वेश चढवणे हे त्यांतले एक मानले जाते.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. पहिला प्रश्न का सोडला, दुसरा कशामुळे सुचला आणि सध्याचा प्रश्न कोणत्या निरीक्षणातून आला, हे तारखांसह एका पानावर आजच लिहून ठेवा. मग तुमच्या प्रयोगांची दोन गटांत विभागणी करा: सध्याचा प्रश्न ठरण्याआधीचे आणि ठरल्यानंतरचे. आधीचे प्रयोग निबंधात ‘प्राथमिक निरीक्षणांवरून असे सुचले’ अशा स्पष्ट शब्दांत द्यायचे आणि नंतरचे त्या कल्पनेची तपासणी म्हणून. नंतरच्या गटात फारसे काही नसेल, तर तुमचे काम अशास्त्रीय ठरत नाही. तपासणीचा एक प्रयोग बाकी आहे, इतकेच. हे कळणे मोठ्या लाभाचे आहे, आणि ते लिहायला बसल्याशिवाय कळणारे नव्हते.

मार्गदर्शकांशी असलेल्या मतभेदाचा मुद्दा इथूनच सुटतो. त्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नाही. फार लवकर लिहिलेली गोष्ट माणसाला बांधून टाकते. एकदा निबंधाचा शेवट ठरला की त्याच्याशी न जुळणारी निरीक्षणे ‘उपकरणाची चूक’ वाटू लागतात. अर्धवट निकालांवर सुबक परिच्छेद रचणारे विद्यार्थी त्यांनी पाहिले असतील. पण लिहिणे म्हणजे सुबक परिच्छेदच, असे कोणी सांगितले? हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी २००४ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकात अवघ्या तीन पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले. त्यांच्या गटातल्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिले होते आणि मला ते कित्येक जाड पुस्तकांहून मोलाचे वाटते. निबंधाचा आराखडा काम संपल्यावर नव्हे, तर चालू असतानाच करावा आणि तो पुढच्या कामाची योजना म्हणून वापरावा, असा त्याचा गाभा आहे. त्या आराखड्यात गद्य जवळजवळ नसते. असतात ते आलेख, तक्ते, समीकरणे आणि त्यांचा क्रम. माहिती नाही तिथे रिकामी चौकट ठेवायची. या चौकटींवरून पुढचे प्रयोग ठरतात आणि जो प्रयोग कोणत्याच चौकटीत बसत नाही, तो करायचा कशासाठी हा प्रश्न वेळीच पडतो.

तेव्हा मार्गदर्शकांकडे ‘पुस्तकात असे लिहिले आहे’ म्हणत जाऊ नका. त्याने कोणाचेही मत बदलत नाही आणि उगाच अहंकार दुखावतो. हाती असलेल्या डेटामधून तीन किंवा चार आलेख काढा, प्रत्येकाखाली त्यातून काय दिसते हे एका पूर्ण वाक्यात लिहा, एक-दोन रिकाम्या चौकटी मोकळेपणाने रिकाम्याच ठेवा आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवून विचारा, ‘सर, या चौकटीसाठी आधी कोणता प्रयोग करू?’ हा प्रश्न लिहिण्याचा नाही, कामाचा आहे. बहुतेक मार्गदर्शक त्याला आनंदाने उत्तर देतात आणि उत्तर देता देता आराखडा दुरुस्तही करतात. यालाही त्यांनी नकार दिला तर वाद घालू नका. पद्धतीचा भाग मात्र स्वतःपुरता लिहायला घ्या. तो भाग प्रयोग ताजा असतानाच नीट लिहिता येतो. द्रावणाची संहती किती होती, नमुने कोणत्या तापमानाला ठेवले, कोणता नमुना का वगळला, हे वर्षभराने आठवत नाही, आणि त्या लेखनाला कोणत्याही निष्कर्षाची वाट पाहावी लागत नाही.

तुमच्या सहकाऱ्याचे दोन पेपर तुम्हाला सलतात, हे पत्रातून दिसले. त्याने पुस्तके वाचली नाहीत म्हणजे तो आपोआप शिकला असे नाही. कोणीतरी त्याच्या मसुद्यावर लाल शाईने रेघा ओढल्या असणार, कोणीतरी ‘हा आलेख आधी घे’ म्हटले असणार. संशोधनाची कला फार मोठ्या प्रमाणात अशी शेजारी बसून हस्तांतरित होते. ज्यांना ते शेजारपण मिळत नाही त्यांना पुस्तकांचा आधार जास्त लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. पण शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून कोणी भाषा शिकत नाही. अडलेला शब्द घेऊनच तो उघडावा लागतो. या पुस्तकांचेही तसेच आहे. तुमचा वेळ वाया गेला नाही, पण यापुढे हातात मसुदा नसताना यांतले एकही पुस्तक उघडू नका, एवढे पथ्य पाळा.

आता नावे. प्रश्नच धड मांडता येत नसेल तेव्हा वेन बूथ, ग्रेगरी कोलोम्ब आणि जोसेफ विल्यम्स यांचे ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’ काढा. त्याची पहिली आवृत्ती १९९५ ची आहे. नंतरच्या आवृत्तीतून वाचा. लेखक भाषा-साहित्याच्या क्षेत्रातले असल्याने प्रयोगशाळेतल्या माणसाला त्यांतली उदाहरणे परकी वाटतात, पण एक कसरत कोणत्याही विषयाला चालते: मी अमुक विषयाचा अभ्यास करतो, कारण मला तमुक शोधून काढायचे आहे, आणि त्यामुळे वाचकाला आणखी मोठी अशी एक गोष्ट समजेल. या वाक्यातला तिसरा भाग भरताना लेखणी अडखळली, तर अडचण भाषेची नसून प्रश्नाची आहे असे समजावे. निबंधाची बांधणी करताना जोशुआ शिमेल यांचे २०१२ चे ‘रायटिंग सायन्स’ उपयोगी पडेल. ते स्वतः मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ आहेत, त्यामुळे उदाहरणे तुम्हाला जवळची वाटतील. आरंभ, आव्हान, कृती आणि उकल अशा चार पायऱ्यांत ते निबंध पाहायला शिकवतात. गोष्टीसारखी मांडणी म्हटले की काही शास्त्रज्ञ नाक मुरडतात. वर सांगितलेली सीमारेषा पाळली तर त्या मांडणीत वावगे काही नाही. आणि सारांश, पद्धती, आभार, समीक्षकांना उत्तर अशा एकेका भागापाशी अडलात की रॉबर्ट डे यांनी १९७९ साली लिहिलेले आणि पुढे बार्बरा गॅस्टेल यांच्यासह वाढवलेले ‘हाऊ टू राइट अँड पब्लिश अ सायंटिफिक पेपर’ चाळावे. त्यातले हवे ते प्रकरण वाचून पुस्तक मिटता येते, हा त्याचा मोठा गुण.

तीन झाली, पण संख्याशास्त्राचा विषय राहून जाऊ नये. त्यासाठी मी पुस्तक सुचवणार नाही, माणूस सुचवेन. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून सांगितले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे. प्रयोग कशाने दगावला एवढेच तो फार तर सांगू शकेल. तुमचा तपासणीचा प्रयोग अजून व्हायचा आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. किती नमुने घ्यावेत आणि कोणते विश्लेषण करायचे, हे प्रयोगाला हात लावण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकाराशी बोलून कागदावर ठरवा.

आणखी एक पुस्तक, केवळ तुमच्यासाठी. चेतासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेल्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८९७ साली माद्रिदच्या विज्ञान अकादमीत केलेल्या भाषणातून तरुण संशोधकांना सल्ला देणारे एक छोटे पुस्तक पुढे तयार झाले. त्यात इच्छाशक्तीच्या आजारांवर एक प्रकरण आहे आणि त्या आजाऱ्यांत निसर्गाकडे नुसते पाहत बसणाऱ्यांच्या आणि उपकरणांचा शौक असणाऱ्यांच्या बरोबरीने पुस्तकांचे वेड असणारेही आहेत. ते प्रकरण वाचून तुम्हाला राग येईल, मग हसू येईल आणि मग बहुधा तुम्ही लिहायला बसाल. त्याच पुस्तकात संशोधकाने पत्नी कशी निवडावी याचाही उपदेश आहे. तो भाग त्या काळाला परत करावा.

जुन्या पुस्तकांविषयी एवढी सावधगिरी बाळगा की त्यांतला विचार टिकतो, पण कार्यपद्धती टिकत नाही. प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुला केलेला मसुदा), डेटा खुला ठेवण्याच्या अटी, लेखक म्हणून कोणाचे नाव घालावे याचे निकष, हे सारे बदलत असते आणि ते नियतकालिकाच्या सूचनांतूनच घ्यायला हवे. प्रयोगाच्या प्रकारानुसार कोणता तपशील दिलाच पाहिजे याच्या याद्याही आता आहेत: रुग्णांवरील यादृच्छिक चाचण्यांसाठी १९९६ पासून कॉन्सॉर्ट, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी २०१० पासून अराइव्ह. तुमच्या कामाला लागू असलेली यादी प्रयोगापूर्वी वाचली तर काय काय नोंदवून ठेवायचे ते आधीच कळते. निबंध पाठवण्याच्या आदल्या रात्री वाचली तर नुसता मनस्ताप होतो.

भाषेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ती अडचण अनेकांची असते म्हणून लिहितो. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांचा १९९० साली ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये आलेला लेख वाचकाच्या अपेक्षांविषयी आहे: इंग्रजी वाक्यात ओळखीची गोष्ट आधी यावी आणि नवी, वजनदार गोष्ट शेवटी, कारण वाचक तिथे जोर देऊन थांबतो. मराठीत वाक्याचा शेवट क्रियापदाने होतो आणि जोर बहुधा त्याच्या अलीकडच्या शब्दावर असतो. त्यामुळे मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाक्यात महत्त्वाची गोष्ट पुष्कळदा मध्येच अडकून राहते. व्याकरण बिनचूक असूनही परिच्छेद सपाट का वाटतो, याचे कारण अनेकदा एवढेच असते. युक्तिवाद आधी मराठीत लिहून पाहायला हरकत नाही. तो तिथे उभा राहिला नाही तर इंग्रजीतही राहणार नाही. मात्र वाक्ये इंग्रजीत नव्याने रचा.

मसुदा तयार झाला की तो दोघांना द्या: एक तुमच्या विषयातला आणि एक शेजारच्या विभागातला. ‘कसा वाटला’ असे विचारू नका, कारण त्याला ‘छान आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. जिथे वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले तिथे समासात एक खूण करा आणि वाचून झाल्यावर, मसुदा न पाहता, मी काय शोधले ते मला दोन वाक्यांत सांगा, एवढीच विनंती करा. त्यांची दोन वाक्ये तुमच्या दोन वाक्यांशी जुळली नाहीत, तर खुणांपासून दुरुस्तीला सुरुवात करा; आणि वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी कोणते त्या वेळी उघडायचे, हे त्या खुणा कुठे आहेत त्यावरून तुम्हाला ठरवता येईल.